तहात किती घ्यावे आणि घेतलेले कसे राखावे

प्रति,
मा. संपादक,

विषय : इतिहासावरच्या संगणक-खेळांबद्दलच्या लेखातील चौकटीची दुरुस्ती

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत साम्राज्य उभारण्याच्या संगणक-खेळांवर लेख आला. मराठी वृत्तपत्राने या खेळांना अर्धे पान दिले याचे समाधान आहे. लेखात ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ या खेळाची माहिती नेटकी आहे, परंतु सोबतच्या चौकटीतला सल्ला चुकीचा आहे. नवख्या खेळाडूने ‘युद्ध जिंकल्यावर तहात मिळेल तेवढा प्रदेश घ्यावा आणि बंड झालेच तर सैन्य पाठवून मोडावे’ असे तिथे छापले आहे. एवढ्यावर विसंबून जो बहमनी सल्तनत खेळायला घेऊन बसेल त्याचे राज्य पहिल्या दोन युद्धांनंतरच फुटायला लागेल, आणि ते का फुटले हे त्याला उमगणार नाही. पुण्यात ही सुट्टी घालवायला या खेळाकडे वळलेली बरीच मुले आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. पुढचे आकडे खेळातले मूळ आकडे आहेत. सवलती आणि आवृत्त्या यांनी ते थोडे इकडेतिकडे होतात.

खेळ ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला सुरू होतो. दख्खनेत बीदरची बहमनी सल्तनत, दक्षिणेला विजयनगर, वायव्येला गुजरात, उत्तरेला खानदेश आणि माळवा, पूर्वेला ओरिसा अशी मांडणी असते. बहमनीने विजयनगरला पहिल्या वीस वर्षांत एकदा-दोनदा हरवणे फारसे अवघड नाही. ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ असे आपण म्हणतो ते कमी पदरात पडल्याबद्दल. या खेळात तहात हरणारा बहुतेक वेळा जास्त घेऊन हरतो.

ते कसे, हे हिशेबानेच समजते. प्रत्येक प्रांताला डेव्हलपमेंटचा आकडा असतो : कर, उत्पादन आणि मनुष्यबळ या तिघांची बेरीज. जिंकलेला प्रांत ‘कोअर’ (म्हणजे पक्का आपल्या हक्काचा) होईपर्यंत त्याच्या डेव्हलपमेंटच्या प्रत्येक अंकामागे साधारण १ टक्का ओव्हरएक्स्टेन्शन, म्हणजे न पचलेल्या मुलखाचा भार, चढते. कोअर करायला ३६ महिने लागतात आणि प्रत्येक अंकामागे १० ॲडमिन पॉइंट (दरमहा जमणारे कारभाराचे गुण; राजनीतीचे डिप्लोमॅटिक आणि लष्कराचे मिलिटरी पॉइंट वेगळे) मोजावे लागतात. तुमचा त्या प्रांतावर आधीपासून दावा असेल तर १० टक्के सूट मिळते. प्रांत स्टेटमध्ये (पूर्ण कारभाराखाली) न घेता टेरिटरी (सैल कारभाराचा मुलूख) म्हणूनच ठेवला तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो.

समजा, चौकटीतल्या सल्ल्याप्रमाणे विजयनगरकडून ९० डेव्हलपमेंटचे प्रांत एका तहात घेतले. मूळ खर्च ९०० पॉइंट. दावा आणि टेरिटरी या दोन्ही सवलती धरल्या तरी चारशेच्या आसपास. आता मिळकत पाहा. दरमहा ३ पॉइंट आपोआप, राजाच्या कारभारी गुणाचे समजा ३ आणि मध्यम सल्लागाराचे २, असे महिन्याला ८ येतात. चारशे जमायला चार वर्षांहून अधिक काळ जातो आणि त्यानंतर ३६ महिने कोअर व्हायला. म्हणजे जवळजवळ सात वर्षे राज्य ओव्हरएक्स्टेन्शनखाली राहते. या काळात असंतोष देशभर वाढतो, नुसता नव्या प्रांतांत नव्हे. स्थैर्य ढळले तर ते वर आणणे महाग पडते, शेजाऱ्यांशी संबंध सुधारायला जास्त दिवस लागतात. आकडा १०० च्या वर गेला तर वाईट घटनांची रांगच लागते आणि भ्रष्टाचारही चढू लागतो. शिवाय हेच ॲडमिन पॉइंट तंत्रज्ञानालाही लागतात. एका पायरीची मूळ किंमत ६०० आहे. तेव्हा हावरेपणाने घेतलेल्या प्रांतांचा पैसा प्रत्यक्षात तंत्रज्ञानाच्या खात्यातून जातो आणि ते मागे पडल्याचे पुढच्या युद्धात, ऐन लढाईत कळते.

त्याच जागी ४० डेव्हलपमेंट घेतली असती तर? सवलती धरून खर्च पावणेदोनशेच्या घरात. एवढे पॉइंट युद्ध चालू असतानाच बाजूला ठेवता येतात. तह झाला त्याच दिवशी सगळ्या प्रांतांचे कोअर सुरू होते आणि तीन वर्षांत प्रश्न मिटतो. म्हणून तह करण्यापूर्वी पहिली नजर नकाशावर न टाकता ॲडमिन पॉइंटच्या शिलकीवर टाकावी. जेवढे लगेच कोअर करता येईल तेवढेच मागावे. उरलेल्या विजयगुणांत (युद्धात मिळवलेल्या आणि तहात मागण्यांसाठी खर्चायच्या गुणांत) रोकड आणि युद्धभरपाई घ्यावी, शत्रूच्या मित्रांशी असलेल्या युती तोडून घ्याव्यात. घेतलेले प्रांत सलग असावेत आणि शक्यतो त्यांत एखादा किल्ला असावा. पाचर मारल्यासारखे लांबट प्रांत घेतले की फौजेला एका बंडाकडून दुसऱ्याकडे धावण्यातच हंगाम संपतो.

मोठ्या तहाच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास केला जातो : तहानंतरचा युद्धविराम लांबलचक असतो, मग पुन्हा संधी कधी मिळणार? युद्धविराम तहाच्या वजनावर ठरतो, ५ ते १५ वर्षांचा. लहान तह केला तर तो लवकर संपतो. उलट ओरबाडून घेतल्यावर मिळणारी पंधरा वर्षे बंडे मोडण्यातच जातात, कारण फुटीरतेचे, म्हणजे जिंकलेल्या प्रजेच्या वेगळे होण्याच्या ओढीचे, घड्याळही लांबलचक आहे.

हे घड्याळ चौकटीत कुठेच नाही, आणि असंतोषाचा सगळा खेळ त्याभोवती फिरतो. नव्याने जिंकलेल्या प्रांतावर बऱ्याच वर्षांची फुटीरता लागते आणि प्रत्येक उरलेल्या वर्षामागे अर्धा अंक असंतोष. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त, मग दरवर्षी अर्ध्याने कमी. कोअर झाले म्हणून हे थांबत नाही. इथेच पुष्कळांची फसगत होते. ओव्हरएक्स्टेन्शन शून्यावर आलेले पाहून ते फौज दुसऱ्या सीमेवर नेतात आणि मागे बंड उभे राहते.

एक प्रांत जवळून पाहू. राज्यकर्ते सुन्नी, प्रांत हिंदू. परधर्माबद्दलची मूळ सहिष्णुता उणे ३, म्हणजे असंतोषात ३ ची भर. संस्कृती मान्यताप्राप्त नाही, आणखी २. फुटीरतेचे समजा साडेसात. एकूण साडेबारा, आणि ओव्हरएक्स्टेन्शनचा भार त्यावर वेगळा. असंतोष शून्याच्या वर असला की दर महिन्याला बंडाची तयारी १० टक्क्यांनी पुढे सरकण्याची शक्यता असते. असंतोष जितका जास्त तितकी शक्यता जास्त. तयारी १०० वर गेली की बंडखोर हत्यारांनिशी उभे. साडेबारावर हा प्रवास फार लवकर संपतो.

यावरचा पहिला उपाय सैन्य नाही, स्वायत्तता आहे. प्रांताची ऑटोनॉमी २५ टक्क्यांनी वाढवली की असंतोष १० ने उतरतो. वरचा साडेबारा अडीचवर येतो. स्थैर्य शून्याच्या वर असेल, असंतोष कमी करणारा सल्लागार दरबारी असेल आणि जवळ फौज उभी असेल तर उरलेला अडीचही जवळजवळ जिरतो. उत्पन्न बुडेल म्हणून नवखे खेळाडू हे बटण दाबायला कचरतात. पण टेरिटरीतल्या प्रांताची ऑटोनॉमी तशीही ९० टक्क्यांच्या खाली जात नाही. त्यातून मिळत होते काय, आणि बुडणार काय? अट एवढीच की त्या प्रांताच्या ऑटोनॉमीला पुढची ३० वर्षे पुन्हा हात लावता येत नाही. म्हणून ज्या दोन-तीन श्रीमंत प्रांतांना लवकर स्टेटमध्ये घ्यायचे आहे ते वगळावेत, बाकी सगळीकडे तहाच्याच महिन्यात ऑटोनॉमी वाढवून टाकावी. दोन वर्षांनी बंडाची तयारी ७० टक्क्यांवर गेल्यावर जाग येऊन काही साधत नाही. चढलेली तयारी ऑटोनॉमीने लगेच मागे जात नाही, आधी तिची वाढ मंदावते.

तयारी तडकाफडकी मागे ढकलायची तर कठोर कारवाईचे बटण आहे. ते मिलिटरी पॉइंट खाते आणि तयारी ३० टक्क्यांनी घटवते. हे बटण युद्धाच्या ऐन धामधुमीत, बंड आत्ता झाले तर परवडणार नाही अशा वेळीच वापरावे. शांततेच्या काळात पुष्कळदा उलटे करणे शहाणपणाचे ठरते : बंड होऊ द्यावे. उठाव होऊन मोडला गेला की त्या प्रांतांत काही वर्षे असंतोष पार खाली जातो. पूर्ण ताकदीची फौज शेजारच्या प्रांतात उभी करून, सोबत सेनापती देऊन, आपल्या सोयीच्या वेळी बंड ओढवून घेणे हा जाणत्यांचा मार्ग आहे. ‘सैन्य पाठवून मोडावे’ या चौकटीतल्या वाक्यात एवढा अर्थ असता तर तक्रार नव्हती.

कारण सैन्य पाठवण्यातही खाचखळगे आहेत. शांततेत पैसा वाचवायला बहुतेक जण लष्करी खर्चाची पट्टी तळाला नेऊन ठेवतात. त्याने फौजेचे मनोधैर्य खालावते. बंडखोर मात्र पूर्ण मनोधैर्याने उगवतात. पट्टी वर केल्यावर मनोधैर्य महिन्यागणिक हळूहळू चढते, त्यामुळे बंडाची तयारी ८० टक्क्यांना पोहोचताच पट्टी वर न्यावी. किल्ल्यांचेही तसेच. खर्च वाचवायला बंद ठेवलेला किल्ला बंडखोरांच्या हाती पटकन जातो. डोंगराळ प्रांतातल्या किंवा नदीपलीकडच्या बंडखोरांवर चाल करून गेलात तर लढाईचा निकाल ठरवणाऱ्या फाशात दंड बसतो. ते मैदानात उतरेपर्यंत थांबायला हरकत नाही, फक्त किल्ला पडण्याच्या बेतात नसावा. आणि बंडे मोडायला शक्य तिथे भाडोत्री फौज वापरावी. त्यांचे मनुष्यबळ त्यांचे स्वतःचे असते, आपले पुढच्या युद्धासाठी शिल्लक राहते.

आणखी एक घोडचूक : नवा प्रांत हाती येताच तिथे धर्मप्रसारक पाठवणे. प्रसारक काम करत असेपर्यंत प्रांताचा असंतोष ६ ने वाढतो. साडेसातच्या फुटीरतेवर हे ६ चढवले तर ऑटोनॉमीचा उपायही अपुरा पडतो. दख्खनेत तर धर्मांतराच्या मागे न लागता सहिष्णुता वाढवणाऱ्या ह्युमॅनिस्ट विचारांचा संच घेणे कधीही श्रेयस्कर. त्यात असंतोष घटतो, परधर्मसहिष्णुता वाढते आणि फुटीरतेची वर्षेही कमी होतात. संच मोठा आहे, सात कल्पना आणि प्रत्येकी ४०० पॉइंट. तो पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून विस्ताराच्या आधी त्याची सुरुवात झालेली असावी.

युद्ध लांबले तर युद्धथकवा हा वेगळाच काटा. त्याचा प्रत्येक अंक देशभरच्या असंतोषात भर घालतो. ७५ डिप्लोमॅटिक पॉइंट दिले की तो २ ने उतरतो. तह होताच ही रक्कम खर्च करावी.

ज्यांना तरीही एका तहात मोठा प्रदेश हवा आहे त्यांच्यासाठी मांडलिकांचा रस्ता आहे, आणि माझ्या मते या खेळातली सर्वांत सुंदर रचना हीच. जुने, नामशेष झालेले राज्य ज्या प्रांतावर अजून हक्क सांगते असा एक प्रांत जिंकावा आणि ते राज्य मांडलिक म्हणून पुन्हा उभे करावे. पुढच्या युद्धात त्याच्या हक्काचे बाकीचे प्रांत त्याच्या नावाने परत मागावेत. हे प्रांत मांडलिकाला जातात, त्यामुळे आपल्यावर ना ओव्हरएक्स्टेन्शन चढते ना कोअरचा खर्च. हक्काचा प्रदेश परत घेण्याचे कारण पुढे करून लढलेल्या युद्धात शेजाऱ्यांचा रोषही चौथाईवर येतो. हा रोष हलका घेऊ नये. तो ५० च्या पुढे गेला की शेजारी एकत्र येऊन आघाडी उघडतात, आणि चार बाजूंनी आघाडी चालून आली तर चांगली फौजही पुरत नाही. विजयनगरकडून घेताना ओरिसाचा रोष वाढतो तेवढा गुजरातचा वाढत नाही. हे ओळखून एका तहानंतर दिशा बदलावी.

मांडलिकाला दहा वर्षे झाली आणि संबंध १९० पर्यंत नेले की तो राजनैतिक मार्गाने विलीन करता येतो. खर्च डेव्हलपमेंटच्या अंकामागे ८ डिप्लोमॅटिक पॉइंट. विलीन झालेले प्रांत कोअर होऊनच येतात. म्हणजे भार ॲडमिनवरून डिप्लोमॅटिक खात्यावर जातो आणि दोन्ही खाती एकाच वेळी कामाला लागतात. मात्र मांडलिकाला फार मोठे करू नये. त्याची स्वातंत्र्याची ओढ ५० टक्क्यांच्या वर गेली की तो ना लढायला येतो ना विलीन होतो. सगळ्या मांडलिकांची एकत्रित ताकद आपल्या तुलनेत वाढली तरी हीच गत. एक मोठा करण्यापेक्षा दोन लहान बरे, फक्त राजनैतिक संबंधांच्या मूळ चार जागांत मांडलिकांसोबत मित्रराष्ट्रेही बसवायची असतात हे ध्यानात असावे.

लेखाच्या शेवटी म्हटले आहे की असल्या खेळांतून मुले फक्त मुलूख जिंकायला शिकतात. याच्याशी मी सहमत नाही. दख्खनेचा इतिहास वाचलेल्याला या यंत्रणेत ओळखीच्या गोष्टी दिसतात. औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर आणि पुढच्याच वर्षी गोवळकोंडा त्याने खालसा केले. दोन मोठी राज्ये लागोपाठ गिळली. दरबारात दख्खनी मनसबदारांची भरती झाली आणि त्यांना द्यायला जहागिरी पुरेनात. जिंजीचा वेढा १६९८ पर्यंत चालला. मग १७०० मध्ये सातारा, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०३ मध्ये सिंहगड असे एकेक किल्ले घेत बादशहा फिरत राहिला आणि फौज पुढे सरकली की मागचे किल्ले पुन्हा मराठ्यांकडे जाऊ लागले. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला तेव्हाही दख्खन शांत नव्हती. खेळातल्या भाषेत, कोअर न झालेल्या मुलखावर पुढचा मुलूख चढत गेला.

त्याच्या उलट १७१९ च्या सनदा. बाळाजी विश्वनाथांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळवली, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा. मुलूख सरसकट खालसा न करता उत्पन्नाचा हक्क घेतला आणि पुढच्या विस्ताराला पाया मिळाला. गावोगावच्या देशमुख-पाटलांची वतने कायम ठेवून त्यांना आपल्याकडे राखणे ही दख्खनेतल्या प्रत्येक सत्तेची रीत होती, आणि ऑटोनॉमीचे ते बटण याच रीतीचे ढोबळ रूप आहे. रोषाच्या आकड्याचेही तेच. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, पण १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर रजपूत सोबत नव्हते आणि सूरजमल जाट आधीच निघून गेला होता. खंडणीच्या तगाद्याने दुखावलेले शेजारी ऐन वेळी पाठीशी राहत नाहीत, हे खेळ आकड्यांत दाखवतो.

खेळ सगळेच बरोबर दाखवतो असे नाही. फुटीरता सर्वत्र सारखीच वर्षे टिकते हे इतिहासाला धरून नाही, आणि एका गावच्या वतनाच्या तंट्याला या नकाशावर जागाच नाही. पण राज्य हिशेबावर टिकते ही त्याची मांडणी पक्की आहे. आपल्या शहरातल्या पेशवे दफ्तरातले पुष्कळ रुमाल जमाखर्चाचेच आहेत.

विनंती एवढीच, की या मालिकेच्या पुढच्या भागात चौकटीची दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर निदान या चार सूचना तरी याव्यात : शिलकीतल्या ॲडमिन पॉइंटना झेपेल तेवढेच तहात घ्या. तहाच्याच महिन्यात नव्या प्रांतांची ऑटोनॉमी वाढवा. पहिली पंधरा वर्षे फौज त्या भागातून हलवू नका. आणि दर जानेवारीत स्थैर्य व विस्ताराच्या पानावर जाऊन कोणत्या बंडाची तयारी कुठवर आली ते वाचा. पुढचा भाग विजयनगरवर येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. विजयनगरकडून खेळताना हाच हिशेब उलट बाजूने मांडावा लागतो, कारण तिथे बहमनींच्या मुलखातली हिंदू प्रजा स्वधर्मीय असल्याने धर्माचे ते ३ अंक लागत नाहीत, पण संस्कृतीचे आणि फुटीरतेचे अंक तसेच राहतात. लेखकाने तो भाग लिहिण्यापूर्वी ही बेरीज करून पाहावी.

कळावे,
आपला एक वाचक,
कोथरूड, पुणे